छोटीशीच तपासणी

हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून कॉम्प्युटर विभाग होता. तिथे सकाळी आल्या आल्या करायचं पहिलं काम म्हणजे सगळ्या सर्व्हरवर नजर ठेवणारा प्रोग्राम सुरू करणं, आणि दुसरं काम म्हणजे तो उघडेपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून परत येणं. तरी तो उघडलेला नसायचाच. स्क्रीनच्या मधोमध एक निळं चक्र गरगरत असायचं आणि त्याच्यासमोर बसलेल्या बाईचं डोकंही त्याच वेगाने फिरायला लागायचं.

या बाईला सगळा विभाग घाईताई म्हणायचा. तोंडावर म्हणायचा, कारण पाठीमागून म्हणावं इतका वेळ ती एका जागी उभीच राहायची नाही. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरणारी, लिफ्टचं बटण चारदा दाबणारी, समोरच्याचं वाक्य त्याच्याआधी स्वतःच संपवून टाकणारी. अशा बाईच्या नशिबी रोज सकाळी चार मिनिटं दहा सेकंद नुसतं बघत बसणं यावं, याला काय म्हणायचं?

प्रोग्रामची कल्पना तशी सोपी होती. इमारतीत तीनशे बारा सर्व्हर होते. लॅबचे, औषधांचे, एक्स-रेचे, वॉर्डातल्या नोंदींचे. प्रोग्राम प्रत्येकाला ठरावीक वेळाने विचारायचा, की बाबा रे, चालू आहेस ना? डिस्कवर जागा उरलीय ना? फार तापला तर नाहीस? अशा प्रत्येक विचारपुशीला विभागात ‘तपासणी’ म्हणत. उत्तर आलं नाही की स्क्रीनवर लाल दिवा. पण गेल्या तीन वर्षांत प्रोग्राम इतका जड झाला होता की एखादा सर्व्हर मान टाकायचा आणि लाल दिवा लागेपर्यंत वरच्या मजल्यावरची नर्स फोन करून ओरडून, फोन आपटून मोकळी झालेली असायची.

मागच्या आठवड्यात लॅबच्या सर्व्हरचं असंच झालं, आणि सोमवारी मोठ्या साहेबांनी घाईताईला वर बोलावलं.

“गुरुवारी दुपारी बारा वाजता मी स्वतः खाली येणार,” साहेब म्हणाले. “स्वतः बटण दाबणार. दहा सेकंदांत स्क्रीन उघडली तर ठीक. नाही तर हे काम काकांकडून काढून घ्यायचं. त्यांना जुन्या सामानाच्या गोदामात बसवा. आणि शेरा लिहायचा, ‘कामात अकार्यक्षम’.”

“सर, काकांना आता आठ महिने राहिलेत.”

“म्हणूनच गोदाम म्हणतोय. नाही तर मी वेगळं काही म्हटलं असतं.”

काका म्हणजे तिचे सख्खे काका नव्हेत. सगळ्यांचेच काका. या इमारतीतला पहिला कॉम्प्युटर खोक्यातून बाहेर काढणारा माणूस. एकतीस वर्षं झाली. घाईताई नोकरीला लागली तेव्हा माउस कुठल्या हातात धरायचा एवढंच तिला येत होतं. बाकी सगळं काकांनी शिकवलं. आणि त्याच काकांच्या संथपणाने आता तिच्या नाकी नऊ आणले होते. काहीही बिघडलं की हा माणूस आधी चष्मा पुसणार, मग वही काढणार, मग आकडे लिहून घेणार. “आधी मोजू, मग हात लावू.” मोजायला आठवडा. तोवर इकडे जीव जातोय! रविवारीसुद्धा येऊन बसायचे. का म्हणून विचारलं तर, घरी करमत नाही. करमत नाही तर करमत नाही, पण मग निदान प्रोग्राम तरी धड करा ना, असं ती त्यांना चारचौघांत म्हणाली होती. एकदा नव्हे, बऱ्याचदा.

पण चिडणं वेगळं आणि गोदाम वेगळं. एकतीस वर्षांच्या शेवटी या माणसाने तुटके कीबोर्ड मोजत बसायचं आणि जाताना कपाळावर तो शेरा घेऊन जायचं, हे तिच्याने बघवलं नसतं.

“तीन दिवसांत करते,” ती खाली येऊन काकांना म्हणाली. “तुम्ही मध्ये येऊ नका.”

“आधी मोजून घे,” काका म्हणाले.

“काका, प्लीज!”

मोजायचं काय त्यात? कारण सगळ्या विभागाला पाठ होतं. इथली रीतच तशी होती. काहीही बिघडलं की साहेब एकच विचारायचे, “हे आपल्याला आधी का नाही कळलं?” मग ज्याने बोलणी खाल्ली तो खाली येऊन दात-ओठ खात एक नवी तपासणी लावून टाकायचा. परत म्हणून बोलणी खायची नाहीत. लावायला कुणाची परवानगी लागत नव्हती. काढायला मात्र वाघाचं काळीज लागायचं, कारण आज काढली आणि उद्या नेमकं तेच बिघडलं तर मान कुणाची? त्यामुळे लावणारे सगळे आणि काढणारा कुणी नाही. यादीत सहाशे चाळीस तपासण्या झाल्या होत्या. प्रत्येकीपुढे लावणाऱ्याचं नाव. जिने राखण करायची तीच इतकी फुगली होती की तिला जागचं हलता येईना.

घाईताईने यादी छापली, लाल पेन घेतलं आणि टेबल-टेबल हिंडायला लागली.

पहिला भेटला औषध विभागाचा फार्मासिस्ट. त्याच्या प्रिंटरमध्ये कागद आहे की नाही, हे प्रोग्राम दर दहा सेकंदांनी विचारत होता.

“ही काढतेय,” ती म्हणाली.

“अहो, मग कागद संपला की मला कळणार कसं?”

“प्रिंटर तुमच्या कोपराला लागतोय! मान वळवा की.”

“कामात लक्ष नसतं हो. राहू द्या ना, छोटीशीच तर आहे.”

एक्स-रेच्या तंत्रज्ञाकडे चार वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या सर्व्हरची तपासणी होती. सर्व्हर नाही, त्याची जागा नाही, ती खोलीसुद्धा आता राहिली नव्हती. तपासणी मात्र दर मिनिटाला त्याला हाका मारत होती.

“हा चार वर्षं लाल दिसतोय!” घाईताई म्हणाली.

“तो लालच असतो,” तंत्रज्ञ शांतपणे म्हणाला. “हिरवा झाला तर घाबरायचं.”

आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरने तर कमालच केली होती. त्याची तपासणी बाकीच्या तपासण्या चालू आहेत का, ते तपासत होती.

“आणि ही चालतेय का हे कोण तपासतं?”

“दुसरी आहे ना,” तो म्हणाला. “तिच्या खालचीच ओळ.”

घाईताईने कपाळावर हात मारला. प्रत्येकाचं तेच. दुसऱ्याच्या तपासण्या म्हणजे कचरा, आपली मात्र छोटीशी, गरजेची, बिचारी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तिने गोड बोलून पाहिलं, हात जोडून पाहिले, शेवटी आवाज चढवला. मंगळवारी दुपारी ती लॅबच्या मुख्य बाईंशी एकेका ओळीवरून भांडत असताना आईचा फोन आला.

“अगं, माझ्या चष्म्याचं घर कुठे ठेवलंयस?”

“आई, मी ऑफिसात आहे!”

“ते माहीत आहे. घर कुठे आहे?”

“फ्रिजवर बघ. गोळी घेतलीस का? चक्कर नाही ना आली?”

“मी ठणठणीत आहे. तू आपलं बघ,” म्हणून आईने फोन ठेवला. आई हल्ली तिच्याकडेच असायची आणि दिवसातून पाच फोन व्हायचे. त्यातले तीन घाईताईचे स्वतःचे असायचे. तिचा नवरा भूगोलाचा मास्तर, तो म्हणायचा की तुम्हा दोघींचं बोलणं म्हणजे हवामानखात्याचं बुलेटिन, दर थोड्या वेळाने तेच.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत सहाशे चाळीसच्या दोनशे दहा झाल्या होत्या. अर्ध्या हॉस्पिटलने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. यादीवर नजर फिरवताना एका ओळीपुढे तिचं स्वतःचं नाव दिसलं. ‘जिवंत आहे का’ अशी तपासणी. लाल पेन क्षणभर थांबलं. पण ती रिपोर्टच्या एकाच मशीनवरची होती. छोटीशीच. तिने पुढची ओळ घेतली.

मग तिने बटण दाबलं आणि घड्याळाकडे बघितलं. चक्र फिरू लागलं. एक मिनिट. दोन मिनिटं. तीन. स्क्रीन उघडली तेव्हा तीन मिनिटं पन्नास सेकंद झाले होते.

दोन दिवस चपला झिजवल्या, शिव्या खाल्ल्या, माणसं तोडली, आणि हाती काय आलं? वीस सेकंद! घाईताईने यादीचा बोळा करून भिंतीवर फेकला. टेबलाला लाथ मारली, अंगठा दुखावला, मग अंगठ्याला शिव्या दिल्या. पलीकडे काका चष्मा पुसत होते. तिला त्यांचाही राग आला.

बुधवारी सकाळी तिने नाइलाजाने ते केलं जे काका सोमवारीच सांगत होते. मोजलं. गेल्या महिनाभरात कुठल्या तपासणीने प्रोग्रामचा किती वेळ खाल्ला, हे तिने प्रोग्रामलाच विचारलं आणि आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत लावून घेतले. प्रिंटरचा कागद, भंगारातला सर्व्हर, तपासण्यांची तपासणी, सगळे तळाशी होते. सगळे मिळून शंभरातले सहा भागही होत नव्हते. वर एकच ओळ होती. शंभरातले एक्याण्णव भाग एकटी खाणारी.

‘जिवंत आहे का.’ आणि पुढे तिचं नाव.

तिने ती ओळ तीनदा वाचली. मग उघडून बघितली आणि तिला सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वी आई वर तिसऱ्या मजल्यावर भरती होती. रक्ताचा रिपोर्ट तयार होता, पण रिपोर्टचं मशीन बंद पडलं होतं आणि चाळीस मिनिटं कुणालाच पत्ता नव्हता. डॉक्टर थांबलेले, आईची साखर खाली खाली चाललेली, आणि घाईताई, जिचं कामच सर्व्हर सांभाळणं, आईचा थंड हात हातात धरून बसलेली. आई वाचली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, “आधी का नाही कळलं?” ती खाली आली आणि तपासणी लावली. दर पाच सेकंदांनी विचार. एक नाही, चाळीस प्रश्न विचार. आलेलं एकही उत्तर कधी पुसू नकोस. आणि दर तासाला माझ्या फोनवर निरोप पाठव, की सर्व ठीक.

फक्त एक चूक झाली. रिपोर्टच्या मशीनवर लावायच्या ऐवजी ती सगळ्या मशीनच्या मुळाशी असलेल्या गटावर लागली. त्या गटाला जे लावाल ते खालच्या प्रत्येक मशीनला आपोआप लागतं. तीनशे बारा मशीनना दर पाच सेकंदांनी चाळीस प्रश्न, तीन वर्षं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! गावाला वळसा तर घातलाच, वर गावकऱ्यांना शिव्याही दिल्या.

आणि मग तिला बदलांची नोंद दिसली. प्रोग्राममध्ये कुणी काय केलं याची तारीखवार यादी. त्यात दर रविवारी काकांचं नाव होतं. दर रविवारी त्यांनी तिच्या तपासणीची साठलेली जुनी उत्तरं जमतील तेवढी हातांनी पुसली होती. मध्ये मेमरी वाढवली होती, वेगळी डिस्क जोडली होती. हे केलं नसतं तर प्रोग्राम केव्हाच कोलमडला असता.

ती उठली आणि तरातरा मशीनच्या खोलीत गेली. आत गारठा आणि पंख्यांची घरघर. काका स्वेटर घालून एक केबल हातात धरून उभे होते.

“तुम्हाला माहीत होतं.”

काकांनी केबल खाली ठेवली. “मोजलंस वाटतं.”

“माहीत होतं की नाही?”

“होतं.”

“मग तोंड शिवलं होतं का तुमचं? मी जगाला शिव्या घालत फिरतेय, तुम्हाला बोलतेय, आणि तुम्ही रविवारी येऊन माझा उकिरडा उपसताय? कुणी सांगितले होते हे उपकार?”

“आता सापडलंय ना? मग काढून टाक. आणि कुणाला बोलू नकोस. मला आठ महिने काढायचेत, तुला वीस वर्षं.”

“पण का?”

काका परत केबलकडे वळले. घाईताईला वाटलं, ती केबल हिसकावून घ्यावी. पण चोवीस तासच उरले होते. ती बाहेर आली, तपासणी मुळावरून काढली, तीन वर्षांची उरलेली उत्तरं रिकामी करायला लावली आणि संध्याकाळी पाचला बटण दाबलं. निळं चक्र एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरायला निघालं आणि स्क्रीन उघडली. तीन सेकंद.

तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, घरी जाईपर्यंत. मग काकांचे ते रविवार डोक्यातून जाईनात.

गुरुवारी बाराला साहेब आले. मागे अर्धा विभाग, फार्मासिस्टसुद्धा. साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, बटण दाबलं आणि तीन सेकंदांनी भुवया उंचावल्या. पुन्हा बंद केलं, पुन्हा दाबलं. तीन सेकंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घाईताईने काकांकडे बघून सुस्कारा सोडला. वाचले.

“वा, मॅडम,” साहेब म्हणाले. मग ते काकांकडे वळले. “बघितलंत? बाईंना तीन दिवस लागले. तुम्हाला तीन वर्षांत जमलं नाही. म्हणजे बिघाड प्रोग्राममध्ये नव्हता, माणसात होता. शेरा तसाच राहील. सोमवारपासून गोदाम. आणि मॅडम, हा विभाग आजपासून तुमच्याकडे.”

जिंकल्यावर काका सुटतील असं धरून घाईताई तीन दिवस पळत होती. आणि तिच्या जिंकण्यानेच त्यांचा गुन्हा शाबीत झाला होता. काकांनी मान हलवली, जणू त्यांना आज काय वार आहे ते सांगितलं होतं. चष्मा खिशात ठेवला. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, गप्प बस.

“सर, चूक माझी होती,” ती म्हणाली.

“कसली?”

“प्रोग्राम माझ्या तपासणीने बसला होता. काकांनी तो चालता ठेवला.”

साहेब हसले. “गुरूसाठी जीव तुटतो, चांगली गोष्ट आहे. पण हा मोठेपणा दाखवायची ही वेळ नव्हे.”

“मोठेपणा?” घाईताईचा आवाज चिरकला. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःहून चूक कबूल करत होती, आणि माणूस ऐकूनच घेईना! “अहो सर, मोठेपणा कसला, मूर्खपणा आहे माझा! हे वाचा!”

तिने नोंद उघडली आणि खुर्ची बाजूला ढकलून साहेबांना स्क्रीनसमोर उभं केलं. तिचं नाव. तारीख. मग एकामागून एक रविवार. साहेब वाचत गेले.

“हे काय?” साहेबांचं बोट एका ओळीवर थांबलं. “दोन वर्षांपूर्वी काकांनीच ही तपासणी बंद केलीय. सकाळी साडेनऊला. आणि दीडला पुन्हा सुरू. का?”

“बंद केल्यावर अडचण आली,” काका म्हणाले.

“कुठल्या मशीनला?”

“मशीनला नाही.”

काकांनी खिशातून चष्मा काढून पुसायला घेतला. साहेबांनी घड्याळ उचलून मनगटावर बांधलं.

“शेरा मॅडमच्या फाइलला जाईल,” ते म्हणाले. “विभाग तुमच्याकडे देण्याचं विसरून जा. काका आठ महिने आहेत तिथेच.” आणि ते गेले. त्यांच्यामागे सगळे गेले. फार्मासिस्ट जाता जाता म्हणाला, “छोटीशीच होती वाटतं?” घाईताईने ऐकून घेतलं. तिचं देणंच होतं ते.

खोलीत दोघंच उरले.

“अक्कल नाही तुला,” काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. “वीस वर्षं तो शेरा वागवशील.”

“वागवीन. अडचण कुणाला आली होती?”

काका खुर्चीत बसले. “तुला. त्या दिवशी तुझ्या फोनवरचा तो निरोप थांबला. सर्व ठीकवाला. दहा वाजता नाही आला, अकराला नाही आला. तू घरी फोन करायला लागलीस. नऊ फोन केलेस. तुझी आई शेवटी इतकी ओरडली की मला इथवर ऐकू आलं. जेवली नाहीस. पासवर्ड तीनदा चुकलीस. दीड वाजता मी ती होती तशीच परत लावली, पुन्हा हात लावायचा धीर झाला नाही. निरोप आला, आणि तू डबा उघडलास.”

घाईताईला तो दिवस आठवला. निरोप थांबला होता आणि ती याच टेबलाशी उभी राहून सगळ्यांदेखत काकांना म्हणाली होती, की तुम्ही आणि तुमचा हा मेलेला प्रोग्राम, दोघांनाही बदलायला हवं.

“म्हटलं, मशीनला काय, जरा जास्त काम पडेल,” काका म्हणाले. “ते मला झेपणारं होतं.”

“मला सांगायचं होतंत, काका.”

“सांगितलं असतं तर काढली असतीस?”

तिने नेहमीसारखं झटकन उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि खोटं बोलता येईना.

“नाही,” ती म्हणाली. “तुमच्याशी भांडले असते.”

“भांडलीसच की,” काका म्हणाले. “रोज.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच घाईताईला सहन होईना.